लसणाचं पाणी आणि आत्याबाईंचा डोळा

२० जून, शुक्र.
आज पुन्हा परत पाठवलं. डॉ. म्हणाले, बी.पी. एवढं वर असताना मोतीबिंदूचं ऑप. करणार नाही, दहा जुलैला या. आत्याबाई घरी येऊन म्हणाल्या, "मला काहून परत पाठवून राहिले हे लोक?" जन्मभर हेडमास्तरीण म्हणून शाळा हाकली, आता सख्ख्या भाच्याला, म्हणजे आमच्या ह्यांना, आवाजावरून ओळखतात. वर्ष झालं, पेपर वाचला नाही. फार वाईट वाटलं.

शेजारच्या दीदी लगेच, "लहसुन का पानी पिलाओ, मेरे ससुर जी को बहुत फायदा हुआ." डॉ.ना फोन केला. थोडंसं चालेल, गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. चलो, लागलेच कामाला. पनागरहून जबलपुरात येणाऱ्या भाजीवाल्याकडून टपोरा लसूण.

२२ जून, रवि.
पाकळ्या ठेचून रात्री पाण्यात, सकाळी गाळून ग्लास हातात. बी.पी.ची सकाळची गोळीही मीच काढून देते, त्याच घोटात जाते, परत तोंड वाकडं नको. आत्याबाई नाक दाबून प्यायल्या. "हे पाणी नाही, शिक्षा आहे." हे चहा घेऊन गच्चीवर पळाले.

२८ जून, शनि.
उतरलं. बी.पी. चक्क उतरलं. मशीन पुन्हा लावून पाहिलं, तेच. मला तर नाचावंसं वाटून राहिलं. कमानिया गेटच्या बाजारात ब्लाउजपीस घ्यायला गेले, तर दुकानातल्या भैयालाही कृती सांगून आले. हे म्हणतात, आता पाटी लाव दारावर. लावीन.

२ जुलै, बुध.
घोळ. रविवारी एकादशी, आत्याबाईंचा चातुर्मास. कांदा, लसूण, वांगं बंद, ते थेट कार्तिकापर्यंत. मी म्हटलं, अहो औषध आहे. "औषधाला असा वास नसतो." हट्टी बाई. आणि तपासणी दहालाच.

४ जुलै, शुक्र. कांदेनवमी
सुचलं! आजच सगळं पाणी करून ठेवायचं. चातुर्मास लागायच्या आधीचं, वर गाळलेलं, म्हणजे लसूण नाहीच त्यात. आत्याबाईंनी बराच विचार केला. म्हणाल्या, "नवमीचं आहे ना? मग चालेल." कांद्याची भजी, भरीत, लसणाची चटणी, आणि मध्येच आम्ही तिघं लसूण सोलत बसलेलो. सरबताच्या रिकाम्या बाटल्या गच्च भरल्या. फ्रिजमध्ये जागा कुठली, ओट्याखाली ओळीने मांडल्या. आपलीच पाठ थोपटून घेतली.

७ जुलै, सोम.
शी. झाकण उघडलं तर फेस. आंबूस, घाण वास. सगळं मोरीत ओतलं. हे म्हणाले, गल्लीतली मांजरंसुद्धा गेली. मला रडूच येत होतं, तीन दिवस राहिलेले.

आत्याबाई पलंगावरून, "मग आता गोळी कशासोबत घेऊ?"
"साध्या पाण्यासोबत. आधी घेत होतात तशी."
"आधी कुठे घेत होते? दोन्ही पांढऱ्या. सकाळची कोणती, रात्रीची कोणती, दिसेना. भलतीच घेण्यापेक्षा म्हटलं नकोच."
"अहो, मग विचारायचं ना."
"पोरांना आकडे शिकवलेली बाई मी. गोळी कोणती, हे विचारू?"

म्हणजे उतरवलं कोणी, लसणानं की गोळीनं? आणि मी सगळ्या जबलपूरला सांगत सुटले. हे म्हणाले, "आधा-आधा सर्टिफिकेट दे दो." हसू आलं. डॉ.ना फोन करून खरं ते सगळं सांगितलं. दोन्ही गोळ्या रोज नेमानं द्या म्हणाले, बाकी गुरुवारी बघू.

९ जुलै, बुध.
आज साध्या पाण्यासोबत गोळी देऊन मशीन लावलं. उतरलेलंच आहे. काय आनंद झाला म्हणून सांगू, तरी ह्यांना म्हटलं, उद्या डॉ. बोलल्याशिवाय कोणाला काही सांगायचं नाही. दीदींना तर मुळीच नाही.

आत्याबाईंची पिशवी भरली. ठेवणीतली साडी काढायला लावली त्यांनी, ऑप. उद्याच करतील अशा थाटात. कितीदा सांगितलं, उद्या फक्त तपासणी आहे.

जेवणं झाल्यावर मी भांडी आवरत होते तर हाक आली. दोन्ही पाकिटं मांडीवर, एक उचलून माझ्यापुढे धरलेलं.
"सुमन, ही रात्रीची ना गं?"
रात्रीची दुसरी होती. पण विचारलं.