कपाटातले केसपेपर

डॉक्टरबाई, काल रक्त तपासायला गेले तर काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. तळाशी बारीक अक्षरांत, माझी माहिती इतर कंपन्यांना द्यायला माझी हरकत नाही, असं छापलेलं, आणि चौकोनात खूण आधीच केलेली. मी ती खोडली. "आंटी, सगळेच सही करतात." "करू देत. माझी माहिती कशासाठी हवी, कोणाला देणार आणि काम झालं की कधी पुसणार, ते सांग. कायद्याने विचारतेय." तिने साहेबांना बोलावलं. साहेबांनी खूण नसलेला फॉर्म दिला.

कायदा आता आला. मी हे ऐंशीच्या दशकात, वाशीच्या तुमच्या दवाखान्यात शिकले. बी.ए. होऊन तुमच्याकडे केसपेपर लावत होते. इमारती नव्या, माणसंही नवी. गावाकडे मुलीची चौकशी चार घरी करता येते; इथे शेजारीच महिन्यापूर्वी राहायला आलेला. म्हणून वरपक्षाच्या बायका मुलीची चौकशी करायला दवाखान्यात यायच्या. पहिलीने विचारलं तेव्हा मी बेधडक म्हटलं, "ठणठणीत आहे मुलगी. सर्दीपलीकडे काही नाही." चांगलंच तर सांगितलं होतं. मग तिची जाऊ आली, दुसऱ्या मुलीसाठी. "आमच्या जाऊबाईंना सांगितलंत, मग आम्हालाही सांगा की." त्या मुलीला क्षय होता. बरी होत आली होती, औषध थोडंच उरलं होतं.

चार दिवसांनी लग्न मोडलं. मुलीची आई तुमच्या टेबलासमोर उभी आहे, हातात एक्सरेचं पाकीट. "आमी विश्वासाने दाखवला ना तुमाला? मग त्यांना कुनी सांगितलं?" ती गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. "काय बोललीस तू?"

"काहीच नाही. पहिल्या मुलीचं चांगलं सांगितलं होतं, हिच्या वेळी गप्प बसले."

"पहिलीचं चांगलं सांगितलंस ना, म्हणून दुसरीच्या वेळचं तुझं गप्प बसणं त्यांना ऐकू आलं. चांगलं असो, वाईट असो, तिला विचारल्याशिवाय या दाराबाहेर जायचं नाही. कपाट माझं आहे, कागद तिचा आहे." दुसऱ्या दिवशी तुम्ही कपाटाला कुलूप बसवलंत आणि किल्ली माझ्याच हातात दिलीत.

तुम्ही दवाखाना बंद करेपर्यंत ती माझ्याकडेच होती. येईल त्याला एकच उत्तर, "मुलीलाच विचारा." बेबी पावडरवाला बाळंतिणींची यादी मागायला आला, बदल्यात डबे देत होता. मी त्याला डब्यांसकट जिना दाखवला. तुम्ही आतून हसलेलं मला ऐकू आलं होतं.

गप्प बसणंही ऐकू येतं, हे तुमचं वाक्य मी आजही लोकांना ऐकवते आणि ते खरंच आहे. फक्त त्या दिवशी ते मला लागू नव्हतं. त्या जाऊने विचारलं होतं, "छातीचं औषध चालू आहे का?" मी तोंड उघडलं नाही, पण मान हलवली होती. होकारार्थी. किल्ली घेताना हे सांगायला हवं होतं. तुम्ही ती परत घेतली असतीत, म्हणून नाही सांगितलं.