ट्रेलर अजून घेतला नाही

ऑर्ड, नेब्रास्का
७ ऑक्टोबर

लाडके जोलीन,

तुझं पत्र पोचलं. बिलिंग्जला थंडी सुरू झाली, तुझा नवा साहेब डोक्यावर मिरे वाटतो, सगळं कळलं. इथे आम्ही ठीक. मका वाळून खडखडीत झालाय, कोंबड्यांनी संप केलाय आणि खसखशीचं सारण भरलेल्या गोड कोलाची या वेळी ओव्हनमध्ये माझ्या हातून जरा जास्तच भाजल्या गेल्या. बाबाने तरी चाटून पुसून खाल्ल्या.

तू विचारलंयस, एक ट्रेलर घ्यायला इतके आठवडे लागतात का? लागतात बाई! जुन्याची मान तडकली तेव्हा मलाही वाटलं होतं, ट्रेलरच्या यार्डात जायचं, बोट दाखवायचं आणि घेऊन यायचं. पण आता मला त्यातलं कळायला लागलंय, तीच पंचाईत झालीय. साधा ट्रेलर पिकअप ट्रकच्या मागे लोंबकळतो आणि हा गूझनेक, हंसासारखी मान वाकवून थेट ट्रकच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वरच येऊन बसतो. लग्न झाल्यापासून रोज डोळ्यांसमोर आहे, पण का, हे काही मी कधी विचारलं नव्हतं. परवा यार्डात ट्रेलर विकणाऱ्या ग्लेनला विचारलं. तो म्हणाला, "लव्हॉन, पाठीवर पोतं घेतलं की माणूस नीट चालतो. तेच पोतं कमरेला दोरी बांधून ओढलं की हेलपाटतो." मला इतकं पटलं की त्यानंतर मी त्याला जेवायलासुद्धा सोडलं नाही.

आता तूच सांग, तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. ट्रॅक्टर चढवायला हाताने उचलून टाकायच्या लोखंडी फळ्या बऱ्या, की बटण दाबलं की ट्रेलरची अख्खी शेपटीच जमिनीला टेकते ती बरी? तळ लाकडी घ्यावा का? पावसात चाक घसरत नाही म्हणतात. आणि ट्रॅक्टर नेमका कुठे उभा करायचा? ग्लेन म्हणतो, फार मागे राहिला तर ट्रकची मागची चाकं हलकी होतात आणि सगळं लटांबर डुलायला लागतं. मी म्हटलं, मग फार पुढे नेला तर? तो घड्याळ बघायला लागला. बाबा बाजूला उभा राहून हसतो. म्हणतो, "हिला ट्रेलर नको रे, कारखानाच काढून द्या."

बाकीची यार्डंही पालथी घातली. ब्रोकन बो गावाला जाऊन आलो, ग्रँड आयलंडला जाऊन आलो. गाडी हल्ली मीच चालवते. बाबाला वाटेतली पिकं बघायची असतात.

आणि हो, शेजारच्या व्हेन्सिलचं हृदयाचं ऑपरेशन झालं. त्याचा मका काढायला एकवीस तारखेच्या शनिवारी सगळा गाव जमणार. नेहमीसारखंच, ज्याच्याकडे जे यंत्र असेल ते घेऊन यायचं आणि बायकांनी जेवण आणायचं. लांबच्यांचे ट्रॅक्टर वाहून आणायचं काम बाबाचं, कोणी सांगावंही लागत नाही. म्हणून त्याची घाई चाललीय, एकवीसच्या आत ट्रेलर हवाच. मला मात्र त्या शेपटीबद्दल अजून थोडं विचारायचं आहे.

मी फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोन स्वयंपाकघरात आणि बाबाची खुर्चीही तिथेच. ईस्टरच्या जेवणात तू जे बोललीस, तेव्हापासून तुझं नाव निघालं की तो उठून बाहेर जातो. पण लांब जात नाही हं, जाळीच्या दाराशीच उभा राहतो.

खात जा नीट.
तुझी आई


१३ ऑक्टोबर

जोलीन,

काल काय झालं ते लिहिते, नाहीतर मला गिळवणार नाही काही.

काल पुन्हा ग्लेनकडे गेलो. तो म्हणाला, नुसते प्रश्न काय विचारतेस, जोडून बघा आणि यार्डात एक चक्कर मारा. जोडला. चक्कर मीच मारली, आणि काय सांगू तुला, मागे एवढं धूड असून ट्रक कसा शहाण्यासारखा चालत होता! मग सोडवायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाला, "बाजूला सर, हे बाईमाणसाचं काम नाही." मी त्याला कोपर मारलं आणि सरकले. त्याने ट्रेलरचे पाय टेकवले, साखळ्या काढल्या, वायर काढली, सगळं हातांनी चाचपून बिनचूक. हातांना पाठच आहे त्याच्या. ग्लेनने लांबून हाक मारली, "डेल्मर, ट्रकचा मागचा फाळका खाली आहे ना?" बाबा मागे वळला, फाळक्याकडे चांगलं निरखून बघितलं आणि म्हणाला, "खाली आहे." बसला आणि ट्रक पुढे काढला.

फाळका वर होता गं. ट्रक निघाला आणि हौद्यातल्या ट्रेलरच्या मानेने तो असा चेपला की पत्र्याची वळकटी झाली.

तुला माहीत आहे, आपल्याकडे प्रत्येकाच्या ट्रकचा फाळका असाच चेपलेला आहे. घाईत खाली करायचा राहतो आणि कडाड्! बाबाचा तेवढा सरळ होता आणि त्याचा तोरा तो कॉफीच्या टेबलावर रोज मिरवायचा. त्यामुळे काल यार्डातले सगळे खिदळत गोळा झाले. "या डेल्मरशेठ, आलात एकदाचे आमच्या पंगतीत!" "फोटो काढा रे, फोटो!" बाबाही हसला. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

मला हसू येईना. बाकीचे विसरतात. तो विसरला नव्हता, त्याने बघितलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर व्हेन्सिलचं शेत आलं, ट्रेलरच्या मागेपुढे वावरणारी माणसं आली.

आता तुला खरं सांगते. मी ट्रेलर निवडत नव्हते, जोलीन. मी दिवस ढकलत होते. ट्रेलर नाही तोवर तो हमरस्त्यावर जड गाडी घेऊन जाणार नाही, एवढंच माझं गणित. ईस्टरला तू म्हणालीस, "बाबा, तुला दिसत नाही, डॉक्टरकडे चल," आणि तो म्हणाला, "आधी माझ्या टेबलावरून ऊठ." तू उठलीस, ती गेलीसच. मग त्याच्याशी तेच पुन्हा कोणी बोलायचं? मी बोलण्याऐवजी प्रश्न विचारत सुटले, ह्या यार्डात, त्या यार्डात. गंमत अशी की विचारता विचारता मला त्याची खरंच गोडी लागली.

घरी येताना मीच चालवत होते. नदीचा पूल आला. मग मी म्हटलं, "डेल्मर, तू बघून सांगितलंस, खाली आहे."

तो म्हणाला, "हं."

"काय दिसलं तुला?"

"काही नाही. नजरेच्या मधोमध डाग आहे. काही नाही म्हणजे खालीच असणार, असं धरलं." मग म्हणाला, "आणि तू ट्रेलर बघत नव्हतीस. मला काय कळत नाही होय? ब्रोकन बोच्या माणसाला तू तोच प्रश्न तीनदा विचारलास."

मी चाटच पडले. "मग येत का होतास माझ्यामागे?"

"बरं वाटत होतं," म्हणाला. "इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा विचारत होतीस, मी काय करतो ते."

पूल संपल्यावर मला गाडी कडेला घ्यावी लागली. रडू आलं, दुसरं काय. तोही नाक पुसत होता, वर मलाच म्हणतो, "रस्त्यावर लक्ष ठेव."

तर ट्रेलर ठरला. लाकडी तळ, बटणाची शेपटी. फळ्या उचलायला माझी कंबर नाही आणि त्याचे डोळे नाहीत. पुढच्या गुरुवारी डोळ्यांचा डॉक्टरही ठरलाय, आणि गावात कोणाला सांगायचं ते तो स्वतः सांगणार आहे. एकवीसच्या शनिवारी ट्रेलर मीच न्यायचा, ते मात्र अवघड आहे. मला ट्रेलर पुढे नेता येतो, मागे घेता येत नाही. आज ग्लेनच्या यार्डात सराव करायला गेले आणि त्याच्या तेलाच्या टाकीला मुका दिला. ग्लेन तर आता मला बघितलं की ऑफिसात पळतो.

मी तुला ये म्हणत नाही. सहा महिने तू बाबाशी का बोलली नाहीस ते मला कळतं, आणि तुझं चुकलं असं मला एक दिवसही वाटलं नाही. खाली बाबाने स्वतः लिहिलंय. मी लिहून देते म्हटलं तर पेन हिसकावून घेतलं. ओळी एकमेकींवर चढल्यात, सांभाळून वाच.

तुझीच,
आई

जोलीन,
तुझ्या आईला मागे घेता येत नाही. ट्रक एकीकडे, ट्रेलर भलतीकडे. सांगायला गेलो तर ऐकत नाही, उलटे प्रश्न विचारते. तुला मी शिकवलं होतं, तू तिला शिकव. शनिवारी मी चालवणार नाही. तू बोललीस ते खरं होतं आणि मी तुला उठवायला नको होतं. मला समोरचं दिसत नाही, पण कडेचं अजून दिसतं. आलीस की समोर उभी राहू नकोस. माझ्या बाजूला उभी राहा, म्हणजे दिसशील.
बाबा