बारा चिमटे

मी, खाली सही करणार, वय वर्षे अडुसष्ट, धंद्याने लेथवरचा फिटर, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा कागद दिला आहे, तो सोबत जोडला आहे. अक्षर वाकडे येते, पण ते अकरा वर्षांपासून तसे येते, त्याचा वयाशी संबंध नाही. हे लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही. लिहू नकोस असे सांगणारा मात्र एक जण रोज आरशात भेटत होता.

कलम १. राहते घर, मागच्या शेडसह, माझ्या मुलाला. तो दूर राहतो आणि घर विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे. फक्त उजवीकडच्या शेजाऱ्याला विकू नये. त्याने माझ्या भिंतीत खिळे ठोकून आपला पत्रा टेकवला आणि वीस वर्षे ‘उद्या काढतो’ म्हणत आला. त्याचा उद्या माझ्या पश्चातही उजाडू नये.

कलम २. बँकेत जे निघेल ते माझ्या मेव्हणीला, म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीच्या धाकट्या बहिणीला. ती नको म्हणेल. कलम पाच वाचल्यावर तर तोंडावर फेकेल. तरी द्यावे.

कलम ३. लेथ, ड्रिल, व्हाइस आणि भिंतीवरची सगळी हत्यारे कोपऱ्यावरच्या वेल्डरला. त्याचे जोडकाम ओबडधोबड असते, पण जे टिकणार नाही ते तो तोंडावर सांगतो. मी माझ्या कामाबद्दल तेवढे कधी सांगितले नाही.

कलम ४. शेडमध्ये दोन कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होड्या, टांगलेल्या आहेत. लाल माझी, पिवळी मेव्हणीच्या नवऱ्याची, म्हणजे माझ्या साडूची. दोन्ही त्याच्या मुलीला, माझ्या भाचीला.

साडूला सगळे बगळोबा म्हणत. खाडीच्या तोंडाशी कयाक नांगरून तो तास तास हलत नसे. आम्ही दोघे पंधरा वर्षे शेजारी शेजारी गळ टाकून बसलो. नात्याने साडू, पण सख्खा भाऊ असता तर इतके पटले नसते. त्याच्यात खोड एकच: हातातली वस्तू पाण्यात पाडायची. कयाकवर माणूस बसल्या बसल्या काम करतो. गळाला लागलेला मासा मांडीवर घेता येत नाही, म्हणून त्याचा खालचा ओठ चिमट्यात धरून गळ काढावा लागतो. दुकानात या चिमट्याला ग्रिपर म्हणतात. साडूने एका वर्षात असे तीन चिमटे खाडीला अर्पण केले.

चौथ्या वेळी तो माझ्याकडे आला. म्हणाला, “दादा, असा करून द्या की मी पाडला तरी पडणार नाही.”

मी करून दिला. स्टीलचा. जबडे मिटले की खटका बसायचा आणि अंगठ्याने दाबल्याशिवाय उघडायचा नाही. मुठीला तारेचा फास लावला, वरून प्लास्टिकची नळी. तो मनगटात घातला की ओढ पडेल तसा आवळत जायचा. मी स्वतः त्याला लोंबकळून पाहिले होते. इतके सफाईदार काम माझ्या हातून पुन्हा झाले नाही.

कलम ५. हे कलम मेव्हणीला व भाचीला मोठ्याने वाचून दाखवावे.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी जोरात होती. साडू माझ्यापासून हाकेच्या अंतरावर नांगरून बसला होता. त्याला मासा लागला; उभा केला तर कंबरेला लागेल एवढा. तो हसत ओरडला, “दादा, आज घरी उशीर होणार!” त्याने माशाला कडेला आणले, ओठात चिमटा बसवला, खटका वाजला. तो आवाज मी पाण्यावरून ऐकला.

मग माशाने लोळण घेतली. एकदाच. कयाक उलटली. मासा नांगराच्या दोराखालून गेला, गळाची दोरी दोराला गुंडाळली, आणि मासा, चिमटा आणि साडूचा हात तिन्ही पाण्याखाली अडकले. अंगात तरंगायचे जाकीट होते. ते त्याला वर ढकलत होते आणि माझा फास खाली धरून होता. डोके पाण्याच्या वितभर खाली होते. वितभर.

ओहोटीच्या विरुद्ध वल्हे मारत पोहोचायला मला पाच मिनिटे लागली. पकडीने तार तोडायला तीन झटके लागले. तुटू नये म्हणून मीच ती निवडली होती.

काठावर माणसे धावत येताना दिसली, तेव्हा मी तो चिमटा माझ्या जाकिटात घातला. का घातला हे मला विचारू नका. मी अकरा वर्षे विचारतो आहे. मनगटावरचा वळ सगळ्यांनी पाहिला. मी म्हणालो, “गळाची दोरी गुंडाळली.” पंचनाम्यात तेच लिहिले गेले.

भेटायला आलेल्या माणसांत गळ-दोरीच्या दुकानाचा मालक होता. तो दारातच म्हणाला, “इतका पाण्यातला माणूस असा बुडतो होय? सकाळी सकाळीच टाकून गेला असणार.” मेव्हणी आत होती, तिने ऐकले. चौदा वर्षांच्या भाचीनेही ऐकले. मी तिथेच बसलो होतो, खाली मान घालून. साडू थेंबालाही शिवत नसे हे माझ्याइतके कोणाला ठाऊक होते? पण लोक दारूबद्दल बोलत असेपर्यंत चिमट्याबद्दल बोलणार नव्हते. आठवड्याभरात ती अफवा खरी झाली.

माझा साडू प्यायलेला नव्हता. त्याने काहीही चूक केली नाही. फास मी बनवला होता.

कलम ६. साडूचा चिमटा पाहून त्या दुकानदाराने माझ्याकडून आणखी अकरा करून घेतले होते. अपघातानंतर मी काम बंद केले आणि ते गोळा करत फिरलो. कोणाला सांगितले पॉलिश करून देतो, कोणाला नवा घेऊन दिला, एक सरळ चोरला. सहा मिळाले. पत्नी विचारायची, “पाण्यावर जात नाही, आणि काठावर काय हुडकता?” ती जाईपर्यंत मी तिला उत्तर दिले नाही.

सातवा मागच्या महिन्यात आपल्या पायाने आला. भाची आता बापासारखी खाडीवर जाऊ लागली आहे. ती तीन चिमटे घेऊन माझ्या टेबलाशी आली. “काका, यातला एक निवडून द्या. दोन परत करीन.” एक फोमच्या मुठीचा, एक वजनकाटा असलेला, आणि तिसरा माझा. दुकानदाराच्या खणात राहिलेला.

“हा तुमच्या हातचा आहे म्हणे,” ती म्हणाली. तिने फास मनगटात घातला आणि ओढून दाखवला. “किती घट्ट बसतो बघा! मी हाच घेते.”

मी म्हणालो, “गंजतो तो.” आणि काढून घेतला. फास सैल करायला दोन्ही हात लागले.

ते सात आणि साडूचा एक, असे आठ चिमटे शेडमधल्या पत्र्याच्या डब्यात आहेत. वेल्डरने ते कापून टाकावेत. कोणीही आठवण म्हणून ठेवू नये.

कलम ७. भाचीने विचारले होते, त्याचे खरे उत्तर. बाळ, तरंगणारा चिमटा घे. स्टीलचा बुडतो, म्हणून माणूस त्याला अंगाला बांधतो, आणि तिथेच घात होतो. जबडे बोथट असावेत, माशाचा ओठ फाटू नये. दुकानात उभे राहून पाहू नकोस. घरी स्टुलावर बस, हात ओले कर, हातमोजे घाल, आणि एका हाताने उघडतो का पहा. वजनकाट्याच्या भानगडीत पडू नकोस; मासा टांगून आकडा वाचेपर्यंत त्याचा जबडा निखळतो आणि तुझा तोल जातो. दोरी बोटीला बांध, मनगटाला नाही, आणि हिसका बसला की तुटेल इतकी बारीक. सुरी छातीपाशी. मासा मोठा वाटला तर चिमटा लावूच नकोस. दोरी काप आणि घरी ये.

कलम ८. उरलेले चार चिमटे कोणाकडे आहेत ते मला माहीत नाही. माझ्या मृत्यूनंतर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात सोबतची जाहिरात माझ्या नावानिशी द्यावी: हा फास मनगटात घालू नका, चिमटा मला परत करा.

इथवर लिहिले त्याला आज तीन आठवडे झाले. सही करण्याआधी हा कागद मी भाचीच्या हातात दिला. माझ्या पश्चात तिने तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा, हे मला सहन होईना.

ती उभ्यानेच वाचत होती. पाचव्या कलमाशी थांबली.

“साधा पट्टा असता, तर हात सुटला असता?”

“सुटला असता.”

“आईला मी विचारायचे, बाबा पीत होते का. ती म्हणायची, मेलेल्या माणसाचं काय उकरतेस.” तिने पान उलटले. शेवटाशी आली आणि माझ्याकडे पाहिले. “ही जाहिरात तुम्ही गेल्यावर द्यायची?”

“हो.”

“आणि तोवर? तुमची अब्रू राहावी म्हणून चार माणसांनी ते हाताला बांधून बसायचं?”

तिने माझ्यासमोर बसून वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन लावला आणि मजकूर वाचून दाखवला. माझे नाव तिने दोनदा सांगितले, अक्षर अक्षर सुटे करून. मेव्हणीने हा कागद वाचला आहे. त्या दिवसापासून तिने माझ्यासाठी दार उघडलेले नाही. ते योग्यच आहे.

जाहिरात आल्यावर तीन चिमटे परत आले. एकाने तर टपालाने पाठवला, सोबत चिठ्ठीही नाही. काल दुकानदार आला. उंबऱ्याच्या आत आला नाही.

“चौथा मला आठवतो,” तो म्हणाला. “उंच माणूस, डावरा. फास डाव्या मनगटाला बसवून घेतला. नाव विचारलं नव्हतं. जाताना म्हणाला, सुटणार नाही ना?”

“तू काय सांगितलंस?”

“तुम्ही सांगायला शिकवलं होतं तेच. हात तुटेल, फास सुटणार नाही.”

म्हणून कलम ८ मी रद्द करतो. त्याऐवजी: तो माणूस सापडेपर्यंत, मी असो वा नसो, दर रविवारी ती जाहिरात छापावी. त्याने वाचली नाही तरी त्याच्या घरातले कोणीतरी वाचेल. भाचीला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमतो.

आज रविवार आहे. वारा पडला आहे आणि पाणी शांत आहे. अशा दिवशी लोक लवकर बाहेर पडतात.

लिहून देणार: (सही) फिटर

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. आज पुन्हा तपासले. पूर्ण शुद्धीत, नाडी जलद.
साक्षीदार २: (सही) समोरचे घड्याळजी. माझ्यादेखत सही केली. मजकूर मी वाचलेला नाही. जाहिरात वाचली आहे.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: ८ ऑक्टोबर २०२३, सकाळी नऊ वाजता