दुरुस्ती लावली

दि. ४ मार्च

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. जुळी नातवंडं आता एकाच वेळी रडतात हे वाचून बरं वाटलं. तुमच्या घरात निदान दोघांचं तरी एकमत आहे.

इकडची बातमी म्हणजे मी गेल्या शुक्रवारी छापखान्यातून सुटले. एकतीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून लोकांच्या चुका लाल शाईने दाखवत बसले, त्याबद्दल मालकांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि सोबत छापील कार्ड. कार्डावर ‘दीर्घायुष्य’ चुकलं होतं. मी तिथल्या तिथे सुधारून कार्ड परत केलं. टाळ्या जरा उशिराच पडल्या. छापखान्याने दिलेली ही दोन खोल्यांची जागा जूनअखेर सोडायची आहे.

दुसरी बातमी तू विचारणारच, म्हणून आधीच सांगते. किल्लीवाला येऊन गेला. तोच तो, तरुणपणी परदेशी जाऊन जन्मभर लोकांची कुलुपं दुरुस्त करत बसलेला, आणि दीड वर्षापूर्वी कुलुपांवरचं पुस्तक छापखान्याकडे धाडणारा. त्या पुस्तकात त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ‘किल्ली’तल्या ‘कि’ला दुसरी वेलांटी दिली होती. चाळीस वर्षं जी वस्तू घडवली ती ज्याला लिहिता येत नाही, त्याच्याविषयी काय बोलायचं? पुस्तक निघाल्यावर त्याने मालकांना सोडून मला आभाराचं पत्र पाठवलं. मी ते तपासून अकरा चुका दाखवल्या आणि परत केलं. शहाणा माणूस तिथेच थांबला असता. याने दुसरं पाठवलं. तेव्हापासून हे असंच चाललंय. तो लिहितो, मी तपासून परत पाठवते.

मागच्या वर्षी आठ दिवसांसाठी आला होता, या खेपेला तीन आठवडे होता. दोन गल्ल्या सोडून लॉजमध्ये उतरला आणि रोज सकाळी चहाला हजर. वय त्रेसष्ट, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. विनोद सांगायच्या आधी स्वतः हसून घेतो, त्यामुळे समोरच्याला काही कामच उरत नाही. कुणाच्याही घरी गेला की आधी दार बघतो, मग माणसं. माझ्या दाराचं कुलूप उलटं बसवलंय असं त्याने पहिल्या दिवशी जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी न विचारता सरळ केलं. आता किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची ते मला आठवत नाही, आणि मी स्वतःच्याच दारात चोरासारखी उभी राहते.

जायच्या आदल्या दिवशी म्हणाला, की छापखाना सुटला, जागाही सुटतेय, तर तिकडे येऊन त्याच्यासोबत राहशील का. लग्न करायचं तर करू, नको असेल तर तसेच राहू. हे सगळं तो माझ्या खिडकीच्या कडीला तेल घालता घालता म्हणाला. मी म्हटलं, कळवते.

तुझं मत मी मागत नाहीये. पण तू ते देणारच आहेस, तर लवकर दे.

लोभ आहे तेवढा पुरे, जास्तीचा तुझ्याकडेच ठेव.

तुझी ताई


दि. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दुकानात वाचलं. समोरच्या खुर्चीत चष्म्याचा नंबर काढायला गिऱ्हाईक बसलं होतं. त्याला तक्त्यावरची खालची ओळ वाचायला सांगितली आणि मी तुझं पत्र वाचत राहिलो. बिचाऱ्याने ती ओळ तीनदा वाचली.

ताई, एकोणसाठाव्या वर्षी माणसं गुडघे बदलतात, देश नाही बदलत. हे गृहस्थ कोण, कुठले? आपली भाषा बोलतात एवढीच त्यांची ओळख, तीही तुझ्याच म्हणण्याप्रमाणे धड नाही. एकूण मिळून त्यांना चार आठवडे बघितलंस. मी चष्म्याची काडीसुद्धा गिऱ्हाइकाला त्याहून जास्त दिवस वापरून बघायला सांगतो. ही आधी खूप हसली. मग वरची खोली बघून आली, कारण तुझ्यासाठी त्या खोलीला परवाच रंग देऊन झालाय.

तुला राग येईल, पण स्पष्ट लिहितो. त्या माणसाला बायको नकोच आहे. त्याला घर बघायला एक बाई पाहिजे, जी वर शुद्धलेखनही तपासेल. नवी भाषा, गारठा, ओळखीचं कुणी नाही, आणि तू दिवसभर त्याच्या स्वयंपाकघरात. असल्या माणसांचा कावा तुझ्यासारख्या हुशार बाईला कळू नये, याचं नवल वाटतं.

त्यापेक्षा ठरल्याप्रमाणे इकडे ये. आमच्या वरच्या खोलीत ऊन चांगलं येतं. तू असलीस की सूनबाईला कामावर परत जाता येईल, जुळ्यांना तुझी सवय होईल. हिला जिना झेपत नाही, तेव्हा वाळत घालायचे कपडेही वरच्या वर होतील. दुपारी दोन तास तुला वाचायला अगदी मोकळे.

लोभ वाढवण्यासारखा आहे, विचार व्हावा.

तुझा धाकटा


दि. १२ एप्रिल

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

तुझं मत मिळालं. दुसऱ्याचा कावा तू इतका बारकाईने ओळखतोस, नजर चांगली आहे. जवळचं बघताना मात्र चष्मा लावत जा.

माझ्या हातून एक प्रकार घडलाय. सांगायची लाज वाटते, म्हणून एकदाच सांगते.

मागच्या महिन्यात किल्लीवाल्याचं नेहमीसारखं लांबलचक पत्र आलं. त्यात घराचं वर्णन होतं. पुढची खोली, मागची खोली, भिंतीला लावून ठेवलेली तीनशे जुनी कुलुपं, ज्यांतलं एकही कशालाच लावलेलं नाही. नेहमीप्रमाणे ऱ्हस्व-दीर्घाची दाणादाण. शेवटी लिहिलं होतं, की आमच्या घराच्या मागच्या दाराला तू म्हणशील तो रंग देतो.

आता मला सांग, ज्या दाराचा रंग मी ठरवायचा ते दार ‘आमच्या’ घराचं कसं? आमच्या म्हटलं की ऐकणारा बाहेर उभा राहतो. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर ‘आपल्या’ लागतं. दुसरीतलं पोरही ही चूक करणार नाही. मी ‘आमच्या’ खोडलं, वर ‘आपल्या’ लिहिलं, बाकीच्या बावीस चुका दाखवल्या, पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. हात पेटीतून बाहेर यायच्या आत कळलं, की मी काय लिहून बसले.

पेटी उघडायला माणूस येईपर्यंत पाऊण तास तिथे उभी राहिले. त्याला म्हटलं, माझं पाकीट परत दे, त्यात चूक झालीय. तो म्हणाला, आत पडलेलं पत्र आता ज्याच्या नावाचं त्याचं. वर म्हणाला, आजी, घरी जा. आजी म्हणे.

परवा उत्तर आलं. या माणसाने आजवर चार पानांच्या आत कधी श्वास घेतला नव्हता. या वेळी साधं कार्ड, त्यावर दोन शब्द. दुरुस्ती लावली. छापखान्यात जुळणी करणारे प्रुफावर असंच लिहून परत पाठवतात, ते त्याने कुठून उचललं कोण जाणे. सोबत तिथे राहायच्या परवान्याचा अर्ज, त्याच्या बाजूचा अर्धा भाग भरून. मी भिंग घेऊन बसले. एकही चूक नाही.

व्याकरणाने माणसाचा असा घात करावा? प्रुफावरची खूण म्हणजे काही होकार नव्हे. ती चुकून झाली असं लिहून टाकावं म्हणून बसले. चार वेळा बसले. दिलेली दुरुस्ती मागे घ्यायची असेल तर खोडलेल्या शब्दाखाली टिंबं देतात, म्हणजे पहिलं होतं तेच ठेवा. एका कार्डावर ‘आमच्या’ लिहून खाली टिंबं द्यायची, इतकंच काम. एकतीस वर्षांत हजारदा केलंय. हात उचलला नाही. मला भयंकर राग आलाय, आणि कुणाचा ते नीट कळत नाही.

लोभ ठेव, सल्ला नको.

तुझी ताई


दि. २१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काळजी करू नकोस. तुझा हात उचलला नाही, माझा उचलला. मागे एकदा त्या गृहस्थांचंच जुनं पाकीट उलटून तू मला पत्र पाठवलं होतंस, त्याच्या आतल्या बाजूला त्यांचा पत्ता होता, त्यावर मी काल सविस्तर पत्र टाकलं. दुरुस्ती चुकून झाली, ताईचा तसा काही विचार नाही, तिचं पुढचं सगळं ठरलेलं आहे, असं सभ्य भाषेत कळवलं. तुला अवघड वाटत होतं ते काम परस्पर झालं.

तू चिडशील हे मला ठाऊक आहे. चिड. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि तू एकोणीस. तू मला वाढवलंस. माझ्या शाळेसाठी दोन स्थळं नाकारलीस, हे मला माहीत नाही असं समजू नकोस. तेव्हा तू माझ्यासाठी निर्णय घेतलेस, आता एक मी तुझ्यासाठी घेतला. ओळखीच्यांना काय सांगायचं होतं आम्ही? ताई किल्ल्या करणाऱ्यामागे गेली म्हणून? लोक दुकानात येऊन हसले असते.

खोलीला पडदे लावून झाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान आणायला मुलाला पाठवतो.

लोभ कमी झाला तरी पत्र लिहावे.

तुझा धाकटा


दि. २० मे

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

सोबत तुझंच पत्र परत पाठवतेय. तू किल्लीवाल्याला लिहिलेलं. त्याने ते मला धाडलं. स्वतःचं एक अक्षर नाही, रागाचा शब्द नाही, फक्त वरच्या कोपऱ्यात लिहिलंय, प्रूफ तपासून मिळावे.

तपासलं. ‘मनस्थिती’ नव्हे, ‘मनःस्थिती’, आणि माझी ती उत्तम आहे. ‘निवृत्ती’ तू दोनदा लिहिलंस, दोन्ही वेळा निराळ्या तऱ्हेने चुकवून. ‘बहिण’ नव्हे, ‘बहीण’. एकोणपन्नास वर्षं मी तुझी आहे, एवढं तरी यायला हवं होतं.

आता मुख्य गोष्ट. त्या दोन पानांत ‘आमच्या’ नऊ वेळा आलंय. ती आमच्या घरी राहणार, आमच्या सुनेला मदत होणार, आमच्या जुळ्यांना कुणीतरी लागतंच, आमच्या वरच्या खोलीला रंगसुद्धा दिलाय. नऊच्या नऊ वेळा लेखणी टेकवली आणि उचलली. एकालाही लाल शाई लावली नाही. ते सगळे बरोबर आहेत.

मला फार वाईट वाटलं. टोमणा मारायचा विचार होता, पण सुचेना. आई गेल्यावर तू आणि मी ज्या एका खोलीत राहिलो ती गळायची. तू शाळेतून येऊन विचारायचास, आपल्या घरात आज कुठे गळतंय. तेव्हा तुझं व्याकरण चांगलं होतं.

मी जातेय. तो फार थोर आहे अशातला भाग नाही. मध्यमच आहे, विनोद तर मध्यमाच्याही खालचे. मला भीतीही वाटते. तिथे दुकानात बोटाने दाखवून वस्तू घ्याव्या लागतील. सगळ्या जगाला चुका दाखवणारी बाई साध्या पत्त्याच्या चौकशीलाही चुकणार. तो आधी गेला तर मी त्या तीनशे कुलुपांत एकटी राहीन, हेही धरून चाललेय. तरी जातेय. आजवर मी ज्याची ज्याची चूक दाखवली तो तो रागावला. लेखक रागावले, मालक रागावले, तू तर लहानपणापासून रागावतोस. हा एकच निघाला जो सुधारून घेतो आणि पुन्हा लिहितो. इतक्या उशिरा असं माणूस भेटलं तर ते सोडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

त्याला कार्ड टाकलंय, की दुरुस्ती कायम.

अर्जात एक पान जवळच्या नातेवाइकाचं आहे. माझं जाणं त्याला माहीत आहे आणि त्याची हरकत नाही, अशी सही लागते. दोन कोऱ्या प्रती पाठवतेय, कारण तू एक नक्की बिघडवशील. सही करायची नसेल तर तुझ्या बायकोकडे दे. ती शहाणी आहे.

लोभ होता, आहे. पुढचं तू ठरव.

तुझी ताई


दि. २ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट हिने आधी उघडलं. माझं लाल झालेलं पत्र वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, की कपडे वाळत घालायला तिने मला सांगितलेलंच नव्हतं. सूनबाईला विचारलं, तर तिने पाळणाघर मार्चमध्येच बघून ठेवलं होतं. तिला कुणी विचारलंच नाही म्हणे. म्हणजे तुझी गरज होती ती बहुतेक मलाच होती, आणि ते लिहायला मी घरातली सगळी माणसं कामाला लावली.

दुकानात काल दोन गिऱ्हाइकांचे नंबर चुकवले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

सही केली आहे. तू म्हणालीस तसं एक पान बिघडलंच. हरकत आहे का, या रकान्यात मी लिहिलं, हरकत आहे, हक्क नाही. ही म्हणाली, कचेरीतला माणूस हे वाचून तुझा अर्ज अडवील. मग दुसऱ्या पानावर नुसतं ‘नाही’ लिहिलं. ते कचेरीला दे. पहिलं फाडवेना, ते तू ठेव.

सामान न्यायला मुलगा येणार नाही, मीच येतोय, सव्वीस तारखेला. परवाना हाती आला की तुझ्याबरोबर विमानतळापर्यंतही येईन.

जा ताई. मला ते मुळीच आवडलेलं नाही, पण तू जा. आणि माझं कुठलंही पत्र तिकडे आलं की तपासून परत पाठवत जा. मी रागावणार नाही.

पत्ता बदलला तरी लोभ असावा.

तुझा धाकटा