धुतलेली बाटली

दि. ६ जून

ती. दादास,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

फोन केला की तुझा एक कान माझ्याकडे आणि दुसरा गिऱ्हाइकाकडे, म्हणून पत्र लिहिते आहे. दमले आहे रे. फवारणी सुरू झाली की आमच्या दवाखान्यात रोज दोन-तीन जण येतात. कुणाच्या तोंडाला फेस, कुणाला समोरचं दिसत नाही. काय फवारलं विचारलं तर पांढरं औषध, किड्यांचं औषध, नाहीतर ते नेहमीचं, एवढंच सांगतात. एकाला जे इंजेक्शन तारतं ते दुसऱ्याच्या काही कामाचं नसतं. आमच्या डॉक्टरीणबाई हुशार आहेत, पण त्या तरी अंधारात किती तीर मारणार?

तू तीस वर्षं शेतीची औषधं विकतोस. मला एक वही करून दे. लोक कशाला काय म्हणतात, रंग कोणता, वास कसा, झाकण कोणतं आणि आत खरं काय असतं. छापील तक्ता आमच्या भिंतीवर आहे, पण त्यातलं एकही नाव आजवर पेशंटच्या तोंडून ऐकलेलं नाही. आणि दादा, ते सुटं औषध भरून देणं आता बंद कर. बिनलेबलची बाटली आली की आमचे हातच बांधले जातात.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी चालेल, वही मात्र पाठव.

तुझी,
बारकी


दि. १९ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

वही पाठवली आहे. एकेचाळीस औषधं भरली. अक्षर तुझ्या वहिनीचं आहे, कारण माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. झाकणं डिंकाने चिकटेनात, म्हणून तिने ती सुईदोऱ्याने पानांवर शिवली. वासांवरून आमचं दोनदा वाजलं. मी म्हणे सडका लसूण, ती म्हणे ओली काडेपेटी. शेवटी दोन्ही लिहिलं आहे.

सुट्याचं म्हणशील, तर ज्याचे चारच वाफे आहेत त्याने लिटरचा डबा नेऊन काय करायचं? उरलेला घरातच पडून राहणार ना? मी आपल्या अण्णांनी शिकवलेल्या पद्धतीने देतो. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा, गळ्याला मेणाचा दोरा, दोन सरळ गाठी आणि तिसरी उलटी. थेंब सांडत नाही. कालपर्यंत माझ्या दुकानात गोणीवर झोपायचीस आणि आज मलाच शिकवतेस. बरं आहे.

माझी पाठ बोलते आहे, बाकी ठीक. वेळेवर जेवत जा आणि अधूनमधून या म्हाताऱ्याची विचारपूस कर.

तुझा,
दादा


दि. ११ जुलै

ती. दादास सा. न.

तुझी वही आमच्या औषधांच्या कपाटावर साखळीने बांधून ठेवली आहे, कारण दोनदा शेजारच्या वॉर्डाने पळवली. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक औषधापुढे लाल शाईने उपचार लिहिला आहे. परवा एक फवारणीवाला आला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बायकोला नाव येईना, पण पिवळं झाकण तिने पाहताक्षणी दाखवलं. तो काल घरी गेला. तुझं नाव मी सगळ्यांना सांगत सुटले आहे, तेव्हा थोडा भाव खाल्लास तरी चालेल.

माझी मात्र झोप पुरी होत नाही. दोन परिचारिका रजेवर आहेत. सुट्याचं काय केलंस ते तू लिहीत नाहीस, मी विसरलेले नाही.

आहे तशी माया राहू दे.

बारकी


दि. २ ऑगस्ट

ती. दादास नमस्कार.

हे तुला फोनवर सांगवेना. तू मला अर्धंच सांगितलंस आणि मी तुला अर्धंच. आता सगळं लिहिते.

बावीस तारखेला रोपवाटिकेत काम करणारी एक बाई आली. पाण्याची समजून पांढऱ्या बाटलीतला घोट घेतला होता. बरोबरच्या बायकांनी बाटली आणली, पण दवाखान्यात घाण कशी न्यायची म्हणून राखेने घासून, तीन पाण्यांनी धुऊन. रंग नाही, वास नाही. तुझी वही उघडून मी नुसती बसले. मग बाटलीच्या गळ्याला राहिलेला दोरा दिसला. दोन सरळ गाठी, तिसरी उलटी.

अकरा वाजता मी तुला फोन केला. तू म्हणालास, माझ्या दुकानातली नाही, या महिन्यात मी कुणाला सुटं दिलेलंच नाही, अशी गाठ कुणीही मारतं. अशी गाठ कुणीही मारत नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं की ती बाटली माझ्या भावाची नाही, आणि तो खोटं बोलणार नाही. त्यांनी नेहमीच्या किड्यांच्या औषधावरचा उपचार सुरू केला. बाईला धाप लागली होती, म्हणून ऑक्सिजन लावला.

संध्याकाळी साडेसहाला तुझा फोन आला, की ते तणनाशक आहे. वहीत तेविसाव्या पानावर आहे ते. पुढे लाल शाईत लिहिलं आहे की ऑक्सिजन घाईने लावू नये, फुफ्फुसं आणखी जळतात, आणि पोटातलं विष शोषणारी भुकटी पहिल्या काही तासांतच द्यावी.

बाई आठव्या दिवशी गेली. शेवटपर्यंत शुद्धीत होती, पाणी मागत होती. डॉक्टरीणबाई म्हणतात, सकाळी कळलं असतं तरी ती वाचली असती असं नाही. वाचली नसती, असंही त्या म्हणत नाहीत.

विषबाधेचा अहवाल वर पाठवायचा असतो. त्यात औषध कुठून आणलं असा रकाना आहे. तीन दिवस तो कोरा ठेवून मी घरी येते आहे. तुझं पत्र आलं की भरणार, आणि तू नको म्हणालास तरी भरणार. पण तुला न सांगता माझा हात चालत नाही.

मला तुझा राग आला आहे, आणि माझाही.

बारकी


दि. ६ ऑगस्ट

चि. बारकीस आशीर्वाद.

अकरा वाजता तू गाठीचं वर्णन केलंस तेव्हाच मला बाटली आठवली होती, ती नेणारी बाईसुद्धा आठवली. पण पहिल्यांदा डोळ्यांपुढे आला तो परवाना. सुटं विकल्याचं कळलं तर दुकानाला टाळं. तोंडातून ‘नाही’ निघून गेलं, आणि मग ते परत घेण्याची हिंमत होईना. दिवसभर गिऱ्हाइकं केली. संध्याकाळी तुझ्या वहिनीने विचारलं की दुपारचा डबा तसाच का आहे. तिला सांगितलं. तिने फोन आणून माझ्या हातात दिला. मी नुसता भ्यालो होतो, दुसरं कारण नाही.

काल त्या गेलेल्या बाईच्या नवऱ्याकडे गेलो. त्याने खुर्ची दिली. दवाखान्यात त्याला कुणीतरी सांगितलं होतं की दुकानदाराने स्वतःहून फोन करून औषधाचं नाव कळवलं. त्याने मला हात जोडले. एवढं तरी कोण करतं, असं म्हणाला. बारके, तिथून तसाच उठून आलो असतो तरी कुणाला कळलं नसतं. एक क्षण उठलोही होतो.

मग बसलो आणि सांगितलं. तो ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं की पहिला फोन किती वाजता आला होता. मी म्हणालो, अकरा. दुसरा किती वाजता केलात? मी म्हणालो, साडेसहा. तो बोटांवर तास मोजत बसला. मोजून झाले तरी पुन्हा पहिल्या बोटापासून मोजत होता. मी निघालो तेव्हाही मोजतच होता.

रकाना भर. दुकानाचं नाव पुरं लिही, माझंही लिही. खाली दोन्ही फोनच्या वेळा लिही. जागा पुरली नाही तर वेगळा कागद जोड.

लोभ ठेव असं या वेळी लिहीत नाही. उरला असेल तेवढा पुरे.

दादा