सोप्यातली रेघ

शिवतेज,

फोनवर हे बोलता येत नाही. लिहितोय, पण लेहला तुझ्या युनिटच्या पत्त्यावर टाकीन असं वाटत नाही.

आपल्या दोघांच्या घराची फरशी झाली. सोप्यात तू गेल्या सुट्टीत पसंत केलेली चिनी टाइलच घालायची होती. गवंड्यानं रिवाजाप्रमाणे देवघराकडून, म्हणजे माझ्या खोलीच्या बाजूनं, सुरुवात केली. निम्म्यात माल संपला आणि तेवढ्यात सरकारनं बाहेरून स्वस्तात येणाऱ्या टाइलवर अँटी-डम्पिंग ड्युटी, म्हणजे जादा कर, बसवली. कराडच्या दुकानदारानं तो माल मागवणंच बंद केलं. मग तुझ्या खोलीकडं गुजरातच्या मोरबीची घातली. रंग जुळला नाही. सोप्याच्या मधोमध सरळ रेघ दिसते.

आईनं ती बघितली. तेव्हापासून बरोबर त्या रेघेवर अंथरूण टाकते. दिवसाही गुंडाळत नाही, सगळे वळसा घालून जातात. मी म्हणालो, "आई, खोलीत झोप की."

"मी हितनं उठले की वाटणी दिसंल रं," म्हणाली.

दुकानदार म्हणतो, ड्युटी पाच वर्षांची आहे, उठली की तोच माल आणू.

आईचं वय तुला माहीत आहे.

तुझा दादा,
ऋषिराज