रांगेतला आमचा डबा

बाबा, तुमचा हात आठवला की आजही त्यात रॉकेलचा पत्र्याचा डबा दिसतो. रोज सकाळी माझ्या कॉन्व्हेंटच्या बुटांना पांढरा रंग लावायचा, तोच हात.

मी चौदा वर्षांची होते. मिलची तिसरी पाळी बंद झालेली, तुमचा महागाई भत्ता अडकलेला, आणि बाजारात रॉकेल नाही. पेपरातलं बजेट मोठ्याने वाचून तुम्ही आईला म्हणायचात, "आपण मधले. वर जाता नाही आलं तरी चालेल, खाली उतरायचं नाही." रेशन दुकानापुढे माणसं कडुनिंबाखाली बसत आणि उन्हात त्यांचे डबे रांगेत उभे राहत. आपला डबा पुढे न्यायचा नाही, दुसऱ्याचा हलवायचा नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण सगळे पाळत. त्या दुपारी मी सदर भागातल्या शाळेतून गणवेशातच तिथे आले होते. वर्गातल्या एका मुलीची मोटार त्या रस्त्याने जायची. तिने मला पाहण्याआधी सुटावं म्हणून, कुणाचं लक्ष नाहीसं वाटून, मी आपला डबा सात डबे ओलांडून पुढे नेला. हो, मीच.

तुम्ही मिलमधून आलात तेव्हा त्या सात डब्यांपैकी एकाची मालकीण, एक बाई, माझ्यासमोर उभी होती. तुमच्याच मिलने घरी बसवलेल्या एका कामगाराची बायको.

"ओ बाबू, तुमच्या पोरीनं डब्बा पुढं सरकवला. आमी का सकाळपासून माशा मारून राहिलो?"

"माझी मुलगी कॉन्व्हेंटमध्ये शिकते. ती असलं करत नाही."

"मंग डब्बा बी इंग्रजी शिकला असन," मागून एक म्हातारी म्हणाली. "आपल्याच पायानं चालते!"

सगळे हसले. तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "तू हलवलास?"

"नाही."

"काहून खोटं बोलतं वं, पोरी?" ती बाई म्हणाली, आणि तुम्ही डबा उचलून तिच्या तोंडावर हाणलात. कड भुवईत घुसली. ती खाली बसते, रक्त पदरावर गळतं, आणि तुम्ही पुन्हा मारता. मग लोक तुमच्यावर तुटून पडतात. शर्ट फाटतो, चष्मा चपलांखाली चिरडला जातो, कुणीतरी तुमचं डोकं दुकानाच्या फळीवर आपटतं. पोलीस आला तो तुम्हाला "साहेब" म्हणाला, आणि तिला दंडाला धरून फरफटत घेऊन गेला. दुकानदाराने तोच डबा सगळ्यांच्या आधी आपल्याला भरून दिला.

तुमच्या मॅनेजरकडे गॅस होता. भाव, कोटा, पाळ्या ठरवणारं कुणीच त्या रांगेत नव्हतं. हाताशी होती ती तीच, आपल्याहून बोटभर खाली. आता माझा मुलगा मोठ्या कंपनीत आहे. तिथे माणसं कमी करायची बोलणी सुरू झाली की तो घरी येऊन वॉचमनवर खेकसतो, आणि मी आतल्या खोलीत जाऊन बसते.

त्या संध्याकाळी आई तुमच्या डोक्याला हळद लावत होती आणि तुम्ही मला पुन्हा विचारलंत. मी पुन्हा नाही म्हणाले. तुम्ही माझ्या केसांवरून हात फिरवलात.

हे कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते. तुम्ही मारत होतात तेव्हा मला भीती वाटली नव्हती, बाबा. माझे बाबा माझ्यासाठी मारतायत, याचं बरं वाटलं होतं. अजूनही त्या बाईचा चेहरा नंतर आठवतो, आधी ते बरं वाटणंच आठवतं.